नागपूरला ‘संत्रानगरी’ का म्हणतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘संत्रानगरी’ म्हणजे नागपूरच ना?

हो. मराठी वर्तमानपत्रांत ‘संत्रानगरी’, दुकानांच्या पाट्यांवर आणि तरुण मंडळींच्या तोंडी ‘ऑरेंज सिटी’. नागपूरकर आपसांत बोलताना यातलं काहीच म्हणत नाही, तो साधं ‘नागपूर’ म्हणतो. टोपणनाव कामाला येतं ते बातमीच्या मथळ्यात, स्पर्धेच्या बॅनरवर आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या भाषणात. ‘संत्रानगरीत येऊन आनंद झाला’ हे वाक्य टाळून सुरुवात करणारा वक्ता विरळाच. २०१९ साली मेट्रो धावू लागली तेव्हा दोन मार्गांपैकी एकाचं नाव ‘ऑरेंज लाइन’ असणार हे कुणालाही सांगता आलं असतं.

एक खुलासा आधीच करून टाकतो. पुण्या-मुंबईकडे ‘ते संत्रं, ती संत्री’ म्हणतात. आमच्याकडे ‘तो संत्रा, ते संत्रे’. खाली सगळीकडे नागपुरी पद्धतच आहे, पत्र पाठवून चूक दाखवू नये.

हे नाव कुणी ठेवलं?

याला जनक नाही. व्यापाराबरोबर हळूहळू रुजलेलं हे नाव आहे, आणि त्यात क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी फळाला शहराचं नाव मिळालं: माल नागपूरहून यायचा म्हणून तो ‘नागपुरी संत्रा’. मग हा नागपुरी संत्रा कलकत्त्यापासून दिल्लीपर्यंत फळवाल्यांच्या तोंडी बसला आणि ज्यांनी हे शहर कधी पाहिलं नाही त्यांच्या डोक्यात नागपूर म्हणजे संत्रे, एवढंच उरलं. शहरानं आपलं नाव फळाला उधार दिलं आणि पुढे व्याजासकट परत घेतलं, असं म्हणा.

नागपुरात खरंच संत्र्याच्या बागा आहेत का?

शहरात? नाहीत. सिव्हिल लाइन्समध्ये एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात एखादं झाड असेल, पण संत्र्याच्या बागा बघायला म्हणून कुणी सीताबर्डीवर उतरलं तर त्याची निराशा होईल. बागा बघायच्या तर काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या बाजूला जावं लागतं. तेही नागपूर जिल्ह्यातच आहेत, त्यामुळे तिथपर्यंत नाव शोभतं. गंमत पुढे आहे. संत्र्याखालचं सर्वांत मोठं क्षेत्र नागपूर जिल्ह्यात नाहीच, ते शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे, आणि त्यातही वरूड आणि मोर्शी या दोन तालुक्यांत. विदर्भात संत्र्याखाली लाखाहून अधिक हेक्टर जमीन आहे आणि त्याचं काळीज वर्धा नदीच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथला शेतकरी ‘नागपुरी संत्रा’ पिकवतो आणि नागपूरला कोर्टकचेरीच्या कामापुरता येतो.

मग नाव नागपूरला का मिळालं? वरूडला का नाही?

हा खरा प्रश्न. उत्तर एका शब्दात द्यायचं तर रेल्वे.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची लाइन भुसावळ, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. पुढे पूर्वेकडची लाइन छत्तीसगडमार्गे बंगालशी जोडली गेली आणि नागपूर मुंबई–हावडा रस्त्यावर आलं. १९२० च्या दशकात इटारसीकडून उत्तरेचा मार्ग झाला; तो काटोल आणि नरखेडवरूनच जातो. १९२९ साली बल्लारशा–काझीपेठचा तुकडा पूर्ण झाल्यावर दिल्ली–मद्रास थेट गाडी शक्य झाली. म्हणजे देशाच्या चारही टोकांकडे जाणारे रूळ या एका स्टेशनात एकमेकांना छेदू लागले. संत्रा हे फळ झाडावरून उतरवलं की फार दिवस थांबत नाही. साल सैल, हाताळताना लगेच दबते, आतून कोरडं पडायला वेळ लागत नाही. अशा मालाला लवकर निघणारी गाडी हवी असते, आणि ती नागपूरला होती.

त्यात नागपूर हे राजधानीचं शहर. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत, नावं बदलत गेली तरी, कारभार इथूनच चालला. पैसा, पेढ्या, अडते, परगावचे व्यापारी, सगळे इथे. बाग वरूडला असली तरी मालाचा धनी, निदान भाव सांगणारा, नागपुरात बसायचा. पार्सलच्या पावतीवर माल चढवल्याचं ठिकाण नागपूर. कलकत्त्याच्या फळवाल्याला वर्धा नदीच्या खोऱ्याशी काय देणंघेणं? त्यानं पेटीवरचं नाव वाचलं.

याचा पुरावा आजही डोळ्यांसमोर आहे. नागपूर स्टेशनच्या पूर्वेकडच्या दारातून बाहेर पडा. रिक्षावाल्याला, कुलीला, तिकीट तपासनिसाला, कुणालाही विचारा, ते दार ‘संत्रा मार्केट गेट’ म्हणून ओळखलं जातं. फळांचा मोठा व्यवहार केव्हाच कळमना बाजारात गेला. दाराचं नाव काही हललं नाही. फळबाजार थेट स्टेशनच्या भिंतीला लागून का होता, हे कळलं की शहराच्या टोपणनावाचा अर्थही कळतो. माझ्या मते ‘संत्रानगरी’ म्हणजे संत्रा जिथून रवाना होतो ती नगरी, जिथे तो पिकतो ती नव्हे. असं होणं नवीन नाही. ‘जळगावची केळी’ आपण म्हणतो, बागा मात्र रावेर-यावलला असतात.

वरूडकरांना याचं वाईट वाटत नाही?

वाटतं, आणि त्यांनी उत्तरही शोधलंय. वरूड-मोर्शीच्या पट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण नरखेड–अमरावती लाइन झाल्यावर वरूडला जे स्टेशन झालं, त्याच्या पाटीवरचं नाव वाचलंत का? ‘वरूड ऑरेंज सिटी’. नागपूर स्टेशनच्या पाटीवर नुसतं ‘नागपूर’. म्हणजे रेल्वेच्या दफ्तरी बघायचं झालं तर ऑरेंज सिटी वरूडच आहे. नागपूरकरांना हे सांगितलं की आधी ते हसतात आणि मग विषय सावजी मटणाकडे वळवतात.

संत्रा नागपूर भागात आला कुठून?

परंपरेनं सांगितली जाणारी हकिगत अशी, की नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, रोपं आणवून राजाच्या खासगी बागेत लावली. श्रेय रघुजीरावांना दिलं जातं. (नागपूरच्या गादीवर तीन रघुजी होऊन गेले, त्यामुळे नुसतं ‘रघुजीराव’ म्हटलं की वाद मिटतही नाही आणि पेटतही नाही.) राजाच्या बागेतलं फळ सरदारांच्या बागेत, तिथून मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, शेतात, अशी त्याची वाटचाल. १८५४ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचं राज्य खालसा केलं. पुढच्या तेरा वर्षांत रेल्वे आली आणि राजवाड्यातलं कौतुकाचं फळ बाजारातलं पीक झालं.

यातली मजा अशी की ज्या शहरातून रोपं आली असं सांगतात, ते स्वतः दरवाजांवरून ओळखलं जातं. फळाचा मान त्यानं सहज सोडून दिला.

नागपूर या मूळ नावाचा संत्र्याशी काही संबंध?

काहीच नाही. नाव नाग नदीशी जोडलं जातं. सातपुड्यातल्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शहराची स्थापना केली. झारखंडमधल्या छोटा नागपूर पठाराचाही या नागपूरशी संबंध नाही. तिथलं नाव नागवंशी राजांवरून आलं.

संत्रा आणि मोसंबी एकच का? इंग्रजीत दोन्हींना ऑरेंज म्हणतात.

वेगळी झाडं, वेगळी फळं. नागपुरी संत्रा हा मँडरिन गटातला: साल सैल, हातानं सुटते, फोडी अलग होतात. मोसंबीची साल फळाला चिकटलेली, ती कापून किंवा रस काढून खायची. मोसंबीसाठी मराठवाडा, विशेषतः जालना, प्रसिद्ध आहे. विदेशी पाहुण्यांना ‘ऑरेंज सिटी’ म्हणून आणलं आणि ते मोठ्या गोल घट्ट फळाची वाट बघत बसले, असं होऊ शकतं. त्यांना आधी सांगून ठेवावं.

संत्र्याचा हंगाम कधी असतो?

दोनदा. आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी कमाई यावर अवलंबून असते.

झाडाला मनासारखा फुलोरा यावा म्हणून शेतकरी त्याला ‘ताण’ देतो, म्हणजे काही आठवडे पाणी तोडतो. पानं मलूल होतात, काही गळतात. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. जानेवारी-फेब्रुवारीत येणारा तो आंबिया बहार. त्याची फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून थंडीत तोडणीला येतात. पावसाच्या सुरुवातीला, जून-जुलैत फुलतो तो मृग बहार; त्याची फळं फेब्रुवारी ते एप्रिल. मृगाचा संत्रा चवीला गोड आणि भावालाही बरा, असं जाणकार सांगतील. पण तो पावसाच्या लहरीवर टांगलेला. मे महिन्यात ताण द्यायला घेतला आणि मधेच वळवाचा पाऊस कोसळला की ताण मोडतो, फुलोरा फसतो. उलट आंबियासाठी उन्हाळाभर पाणी पुरवावं लागतं, आणि वरूडकडे भूजल इतकं खाली गेलंय की बोअर खोल खोल मारत राहावे लागतात.

बाग बहरली की बरेचदा शेतकरी फळं झाडावर असतानाच व्यापाऱ्याला उक्ती, म्हणजे एकरकमी भावानं, देऊन टाकतो. व्यापारी बागेतून फिरतो, फांद्या वर करून बघतो, झाडामागे किती फळ बसेल याचा मनाशी हिशेब करतो आणि आकडा बोलतो. नंतर गळ झाली, गारपीट झाली, तर नुकसान कुणाचं यावरून जी बाचाबाची होते ती ऐकायची असेल तर हिवाळ्यात कुठल्याही संत्रा पट्ट्यातल्या चहाच्या टपरीवर बसा.

नागपुरी संत्रा पूर्ण केशरी का दिसत नाही?

सालीला गडद रंग चढायला थंड रात्री लागतात. आंबियाचा सुरुवातीचा माल निघतो तेव्हा विदर्भात पुरेशी थंडी नसते, म्हणून पिवळट-हिरव्या सालीचा संत्राही आतून पिकलेला असू शकतो. रंगावर जाऊ नका, वजनावर जा. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड लागला तर घ्या.

शहरांत जो चकचकीत, गडद केशरी, घट्ट सालीचा संत्रा ‘नागपुरी’ म्हणून खपवतात तो पुष्कळदा पंजाब-राजस्थानकडचा किन्नू असतो. किन्नू हे कॅलिफोर्नियात दोन मँडरिनांच्या संकरातून तयार झालेलं वाण. १९३५ मध्ये ते बाहेर आलं. रस भरपूर, बियाही भरपूर. फळ म्हणून वाईट नाही, पण नागपूरचं नाव लावून विकणं ही शुद्ध लबाडी आहे.

जीआय मिळालंय ते शहराला की फळाला?

फळाला. ‘नागपूर संत्रा’ याची २०१४ साली भौगोलिक मानांकनात नोंद झाली. ‘संत्रानगरी’ हे टोपणनाव कुणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे ट्रॅव्हल एजन्सीपासून क्रिकेट स्पर्धेपर्यंत कुणीही ते लावतं.

‘नोगा’चा आणि संत्र्याचा काय संबंध?

नोगा म्हणजे नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन या नावाची आद्याक्षरं. संत्रा उत्पादकांच्या या संस्थेचा प्रक्रिया उद्योग पुढे राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आला. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत नोगाचा टोमॅटो केचप वर्षानुवर्षं येतो, आणि ती लाल बाटली संत्रा बागायतदारांच्या नावानं विकली जाते हे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

नागपूरबाहेर कुणी नागपूरचं हे नाव वापरतं का?

राजस्थानात. झालावाड जिल्ह्यात संत्र्याची मोठी लागवड आहे, तीही नागपुरी संत्र्याचीच, आणि भवानी मंडी हा तिथला मोठा बाजार. झालावाडला ‘राजस्थानचं नागपूर’ म्हणतात. टोपणनावासाठी एका शहरानं दुसऱ्या शहराचं नाव लावायचं, हा मान आपल्याकडे फार थोड्या गावांना मिळाला असेल. जवळच, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागातही संत्रा आहे. तिथे मराठीही बोलली जाते, आणि सीमा ओलांडली हे झाडांकडे बघून कळत नाही.

न्यूयॉर्कला ‘बिग ॲपल’ म्हणतात, तसंच का हे?

उलट आहे. न्यूयॉर्कच्या नावातलं सफरचंद खायचं नाही. १९२० च्या दशकात जॉन फिट्झ जेराल्ड हा घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणारा पत्रकार न्यूयॉर्कच्या शर्यतींना ‘द बिग ॲपल’ म्हणू लागला. न्यू ऑर्लिन्सच्या तबेल्यांतल्या कृष्णवर्णीय कामगारांच्या तोंडून आपण हे ऐकलं, असं त्यानंच लिहून ठेवलं. मोठं बक्षीस, मोठी संधी, हा तिथला अर्थ. जॅझ वादकांनी ते उचललं, मग विसरलं गेलं, आणि १९७० च्या दशकात पर्यटन वाढवण्यासाठी मोहीम काढून पुन्हा वर आणलं गेलं. तिथे नावाचा माग माणसापर्यंत लागतो पण फळ खोटं. इथे फळ खरं आणि माणूस नाही.

नागपूरला आणखी कुठली टोपणनावं आहेत?

‘उपराजधानी’ हे बातम्यांमधलं नेहमीचं. दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं, आणि त्याची मुळं १९५३ च्या नागपूर करारात, म्हणजे विदर्भाला मराठी राज्यात आणण्यासाठी नेत्यांनी केलेल्या करारात, आहेत. ताडोबा, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला हे सगळं हाकेच्या अंतरावर असल्यानं अलीकडे ‘टायगर कॅपिटल’ जोरात आहे. झिरो माईलच्या दगडामुळे ‘देशाचं केंद्र’ हाही एक दावा चालतो. भूगोलवाले त्यावर नाक मुरडतात.

‘टायगर कॅपिटल’ संत्र्याला मागे टाकेल असं काही जणांना वाटतं. मला नाही वाटत. अधिवेशन डिसेंबरात असतं आणि आंबियाचे संत्रे तेव्हाच बाजारात असतात. मुंबईहून आलेले अधिकारी, आमदार, पत्रकार परतताना पेट्या घेऊन जातात. विरोधक कधी संत्र्यांच्या माळा गळ्यात घालून विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहतात, आणि तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापला जातो. वाघाला असं हातात धरून उभं राहता येत नाही.

या नावाचा शेतकऱ्याला काही फायदा होतो का?

थोडा. नाव ओळखीचं असल्यानं माल विकायला समजावून सांगावं लागत नाही. पण भाव नावावर ठरत नाही. नागपुरी संत्र्याचं सर्वांत मोठं बाहेरचं गिऱ्हाईक बांगलादेश. गेल्या काही वर्षांत त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं तसा इथला भाव पडत गेला. डिंक्या रोगानं बागा वाळतात, काळ्या माशीमुळे पानांवर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, चढते, ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ होते. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे आणि तिथून रोगमुक्त कलमं मिळतात, ही जमेची बाजू. प्रक्रिया उद्योग मात्र पिकाच्या मानानं तोकडाच राहिला. लहान आकाराचा माल कुठे घालायचा, हा प्रश्न प्रत्येक हंगामात नव्यानं उभा राहतो, आणि शहराच्या चौकात सिमेंटचा संत्रा उभारून तो सुटत नाही.

पाहुण्यांनी संत्रे घ्यायचे तर कुठून?

घाऊक घ्यायचे असतील तर सकाळी लवकर कळमन्याला. चार-दोन डझन हवे असतील तर शहरात जागोजागी हातगाड्या असतात. काटोल रोडनं किंवा अमरावती रोडनं बाहेर पडणार असाल तर हंगामात रस्त्याकडेलाच ढीग लावलेले दिसतील. तिथे एक सोलून दाखवायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही. गाडीत बंद पिशवीत ठेवू नका, वारा लागू द्या. हंगाम नसेल तर संत्रा बर्फी बाराही महिने मिळते. खव्यात संत्र्याचा गर घालून केलेली घ्या. नुसता रंग आणि वास घातलेलीही तशीच दिसते, म्हणून आधी तुकडा चाखून मगच डबा बांधायला सांगा.